सांध्यातील गंज : प्रायमर, सीलर आणि मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीचा पत्रा

प्रास्ताविक

मोटारीचा इतिहास बहुधा इंजिनाच्या अंगाने लिहिला जातो. अश्वशक्ती, वेग, कारखानदारांची चरित्रे, शासनाची परवाना-धोरणे हे या इतिहासाचे नेहमीचे विषय होत. ज्या पत्र्यात माणूस प्रत्यक्ष बसतो त्याचा विचार झालाच तर तो आकार आणि रंग यांपुरता होतो. व्यवहारात मात्र जुन्या गाडीचे आयुष्य पत्रा ठरवतो. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअर बदलता येतात, वायरिंग नव्याने ओढता येते. परंतु दाराखालची पोकळ पेटी आणि पायाखालचा पत्रा कुजला की उत्तम इंजिनाची गाडीही भंगाराच्या वाटेला लागते. हा पत्रा सपाट जागी सहसा प्रथम कुजत नाही. तो कुजतो दोन पत्रे जेथे एकमेकांवर बसतात तेथे, म्हणजे सांध्यात.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा सांधा आहे. सांधा पाण्यापासून वाचविण्यासाठी दोन द्रव्ये वापरली जातात. पहिले प्रायमर, म्हणजे उघड्या धातूवर दिला जाणारा अस्तराचा हात. दुसरे सीलर, म्हणजे पत्र्यांच्या जोडावर ओढला जाणारा लवचीक लेप. ही द्रव्ये क्षुल्लक वाटतात आणि काम पूर्ण झाल्यावर रंगाखाली दिसेनाशी होतात. परंतु मोटारीची काया लाकडी सांगाड्याकडून जोडपत्र्याच्या पोलादी पेटीकडे गेली तेव्हापासून या अदृश्य थरांवर केवळ गाडीची शोभा नव्हे, तर तिची ताकद अवलंबून राहिली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. उदाहरण म्हणून मुंबईच्या कुर्ला येथे तयार झालेली आणि टॅक्सी म्हणून शहराच्या अंगवळणी पडलेली प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर नाही. म्हणून तिच्या जतनाचा प्रश्न आता इतिहासाच्या अभ्यासकाचाही झाला आहे.

लाकडाचा सांगाडा ते पोलादाची पेटी

सांधा बुजविण्याची कला मोटारीहून फार जुनी आहे. लाकडी जहाजाच्या दोन फळ्यांमध्ये तंतूंचा पीळ ठोकायचा आणि त्यावर राळेचा किंवा डांबराचा लेप द्यायचा, ही रीत दर्यावर्दी लोकांना शतकानुशतके ठाऊक होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. लाकूड पाण्याने फुगते व उन्हाने आकसते; म्हणून सांध्यातील द्रव्य ताठ असून चालत नाही, ते लाकडाबरोबर हलले पाहिजे. हा धडा पुढे पत्र्याच्या बाबतीत पुन्हा शिकावा लागला.

प्रारंभीच्या मोटारी या बग्ग्यांच्या वंशातल्या होत्या. खाली पोलादी चौकट, वर लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा अशी त्यांची रचना असे. सर्व भार चौकट वाही. रंगकाम बग्गीच्या पद्धतीने, तेलातील रंगाचे हातावर हात देऊन आणि प्रत्येक हात घासून होत असे. त्यास आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डच्या ‘टी’ मॉडेलला १९१४ नंतर अनेक वर्षे केवळ काळा रंग दिला जाई. अमेरिकेत १९२३ च्या सुमारास ड्युपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. रंगाच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे, ते योग्यच आहे. परंतु पत्र्याच्या आयुष्याच्या दृष्टीने त्याहून दूरगामी बदल त्याच काळात दुसरीकडे घडत होता.

फिलाडेल्फियाचे एडवर्ड बड आणि त्यांचे अभियंते जोसेफ लेडविंका यांनी लाकूड वगळून केवळ दाबलेल्या पोलादी पत्र्यांची काया तयार केली. डॉज बंधूंनी १९१४ मध्ये अशा कायांची मोठी मागणी नोंदविली. पुढची पायरी म्हणजे स्वतंत्र चौकटच काढून टाकणे. १९२२ ची लान्सिया लाम्ब्दा, १९३४ ची सित्रोएन त्राक्सिओं आव्हां आणि १९३५ ची ओपेल ऑलिम्पिया हे या वाटेवरचे टप्पे होत. कारखान्याच्या भाषेत अशा रचनेस मोनोकॉक म्हणतात. अंड्याच्या कवचाप्रमाणे येथे कवच हाच सांगाडा असतो. फियाट कंपनीने १९५० मध्ये ‘१४००’ या गाडीत ही रचना स्वीकारली आणि १९५३ मध्ये ‘११००-१०३’ ही लहान गाडी त्याच तत्त्वावर आणली. पद्मिनीची मूळ काया ती हीच.

या बदलाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. जुन्या गाडीच्या पंख्याला, म्हणजे मडगार्डला, गंज लागला तर गाडी कुरूप दिसे. चौकट शाबूत असे. नव्या रचनेत पत्र्याच्या दोन कडा एकमेकींवर ठेवून विजेच्या झटक्याने ठिकठिकाणी चिकटविल्या जातात. एका गाडीत असे टिकलीएवढे जोड हजारोंनी असतात. भार वाहतात ते हे जोड. दोन टिकल्यांच्या मध्ये मात्र पत्रे केवळ एकमेकांना टेकलेले असतात, त्यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. म्हणजे ज्या ठिकाणी सर्वाधिक ताकद हवी नेमके त्याच ठिकाणी पाण्याला घर मिळते.

फटीतले रसायन

फटीत शिरलेले पाणी बाहेरच्या पाण्याहून अधिक घातक का ठरते, याचा उलगडा केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात केला. गंज ही विजेची क्रिया आहे हे त्यापूर्वीच सुचविले गेले होते. इव्हान्स यांनी प्राणवायूच्या असमान पुरवठ्याचे महत्त्व प्रयोगाने दाखवून दिले. लोखंडावर पडलेल्या खाऱ्या पाण्याच्या थेंबाच्या कडेला हवा मुबलक मिळते, मध्याला कमी मिळते. जेथे हवा कमी तेथे लोखंड विरघळते. सामान्य बुद्धीला हे उलटे वाटते. हवेने गंज चढतो असेच आपण समजतो. पण पत्र्याच्या सांध्याची कहाणी या उलटेपणात आहे. बाहेरची कड हवेशी खेळत असते, आतली अरुंद फट गुदमरलेली असते. म्हणून पत्रा आतून झिजतो. त्यातच पाण्यातील क्षार फटीत साठत जातात आणि क्रिया वेग घेते.

शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. फटीत जागा नसल्याने तो पत्र्यांना पाचरीप्रमाणे फाकवतो. फट रुंदावते, अधिक पाणी येते आणि शेवटी टिकल्यांचे जोड सुटतात. रंगावर बाहेरून पहिला फुगवटा दिसतो तेव्हा आतले काम बरेच झालेले असते. गॅरेजमधील जुने डेंटर अशा फुगवट्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. मडके पारखण्याची ही रीत येथे कोठून आली हे सांगण्याची गरज नाही.

अस्तराची परंपरा

लोखंडावरच्या सर्वांत प्रसिद्ध जुन्या अस्तरांपैकी एक आपल्या घरादारांत वेगळ्याच नात्याने ओळखीचे आहे. ते म्हणजे शेंदूर. मारुतीच्या आणि म्हसोबाच्या अंगावर तेलात कालवून चढणारा शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे, आणि जवसाच्या तेलात खललेला हाच पदार्थ पूल, जहाजे आणि पत्रे यांवर पहिला हात म्हणून पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. तेलातील आम्लांशी त्याचा संयोग होऊन जे साबणासारखे क्षार बनतात ते लोखंडाला आवर घालतात. शिसे विषारी आहे हे कळल्यावर तो मागे पडला. त्याच्या जागी स्वस्त लाल ऑक्साइड आला. रंगाने सारखा, गुणाने फार वेगळा. लाल ऑक्साइड ही मुळात लोहाचीच माती. ती जागा भरते, रंगाला धरून ठेवते, परंतु शेंदराप्रमाणे लोखंडाशी संवाद करीत नाही. आपल्याकडील खिडक्यांच्या गजांपासून टॅक्सीच्या तळपत्र्यापर्यंत सर्वत्र हाच तांबडा हात दिसतो, आणि तो दिला की लोखंड सुरक्षित झाले असा समज दृढ आहे. साध्या तेल-राळेतील लाल ऑक्साइडचा पातळ हात पाण्याला पूर्णपणे अडवीत नाही. केवळ प्रायमर मारून पावसात उभी केलेली गाडी प्रायमरखाली गंजते, हे अनेक हौशी मालकांना एका पावसाळ्याने शिकविले आहे.

धातूच्या पृष्ठभागाचेच रूपांतर करावे ही कल्पना बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेट यांची. त्यांनी १९०६ मध्ये लोखंडावर फॉस्फेटचा थर चढविण्याचे पेटंट घेतले. १९१५ मध्ये डेट्रॉइट येथे स्थापन झालेल्या पार्कर रस्ट-प्रूफ कंपनीने ही क्रिया मोटार-कारखान्यांत नेली. फॉस्फेटचे बारीक स्फटिक रंगाला दात देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलासाठी फॉस्फरिक आम्ल, झिंक क्रोमेट आणि एक लवचीक राळ एकत्र करून पातळ अस्तर तयार झाले. गॅरेजमधील आम्लयुक्त प्रायमरची परंपरा तेथून येते. क्रोमेटमधील क्रोमियम कर्करोगकारक असल्याने तोही पुढे बाजूला सारला गेला. स्विस रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तां आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांच्या संशोधनातून निघालेली इपॉक्सी राळ महायुद्धानंतर व्यवहारात आली. धातूला घट्ट धरणारे आणि पाण्याला बव्हंशी अडविणारे असे अस्तर तिच्यामुळे लहान गॅरेजच्याही आवाक्यात आले.

खरी क्रांती मात्र फवाऱ्याने झाली नाही, हौदाने झाली. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून रंगाच्या हौदात गाडीची काया बुडवून विजेच्या साहाय्याने तिच्यावर प्रायमर जमविण्याचे तंत्र विकसित केले आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ते उत्पादनात आणले. ज्या पोकळ पेटीत फवारा पोहोचत नाही तेथे हौदातला प्रायमर पोहोचतो. १९७० च्या दशकात विजेची दिशा उलटविण्यात आली. काया ऋण ध्रुव झाल्याने हौदात लोखंड विरघळणे थांबले आणि गंजरोधकता पुष्कळ वाढली. तरीही घट्ट टेकलेल्या दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत हा प्रायमर पुरता शिरत नाही. म्हणून हौदानंतर सांध्यांवर पीव्हीसीचा लेप ओढायचा आणि रंगाच्या भट्टीत तो शिजवायचा, ही पद्धत रूढ झाली. प्रायमर आणि सीलर यांचे नाते असे आहे. एक धातूला वाचवतो, दुसरा पाण्याची वाट अडवतो. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

हे सर्व कारखानदारांनी आपणहून केले असे मानण्याचे कारण नाही. रस्त्यावर मीठ पसरून बर्फ वितळविणाऱ्या देशांत ग्राहकांचा संताप १९७० च्या दशकात शिगेला पोहोचला होता. कॅनडात गंजलेल्या गाड्यांच्या मालकांनी संघटना उभारल्या आणि तेथील शासनाने १९७८ मध्ये गंजाविषयी आचारसंहिता काढली. ब्रिटनमध्ये १९८० साली लान्सिया बीटा या गाडीच्या इंजिन पेलणाऱ्या भागाच्या जोडापाशी गंज आढळल्याने गहजब झाला, कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या, आणि पुढे १९९४ मध्ये लान्सियाने ब्रिटनची बाजारपेठच सोडली. पोर्शने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ‘९११’ साठी जस्त चढविलेला पत्रा वापरला. आउडीने १९८५ मध्ये संपूर्ण जस्ताळलेली काया आणली. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचविते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते सांध्यापाशी जळते, त्यामुळे सीलर तेथेही सुटला नाही.

कुर्ला येथील काया

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. या उद्योजकाचा जीवनक्रम पाहिला तर एक गोष्ट नजरेत भरते. सिंदिया कंपनीच्या विशाखापट्टणम् येथील गोदीत जहाजे, बंगळूर येथे विमाने, कुर्ल्यात मोटारी. तिन्ही ठिकाणी काम एकच, पत्र्याला पत्रा जोडण्याचे. या गोदीतील ‘जलउषा’ १९४८ मध्ये पाण्यात सोडली गेली.

प्रारंभी कुर्ल्यात अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे. शासनाने १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव ठेवला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतील आपली कामे गुंडाळली. प्रीमियरने फियाटशी सहकार्य केले. ‘११००’ भारतात स्थिरावली, १९६० च्या दशकात तिचा ‘डिलाइट’ हा अवतार आला, १९७० च्या दशकाच्या आरंभी ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. इटलीत ‘११००’ चे उत्पादन १९६९ मध्येच थांबले होते. कुर्ल्यात ही काया विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. याचा अर्थ असा की वर वर्णिलेली गंजविरोधी क्रांती जगात घडण्यापूर्वी ज्या सांध्यांची आखणी झाली, त्याच सांध्यांची गाडी ती क्रांती घडून गेल्यानंतरही मुंबईत नवी म्हणून विकली जात होती. पद्मिनीकडे केवळ जुनाट गाडी म्हणून पाहणारे हा मुद्दा सोडून देतात. तिचे इंजिन जुने होते हे खरे. पण तिच्या पत्र्याच्या कडाही जुन्या काळाच्या होत्या.

आणि ती राहिली कोठे? वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बव्हंशी चार महिन्यांत. तिन्ही बाजूंनी समुद्र. भरतीच्या वेळी तुंबणारे रस्ते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली होत्या. त्या दिवसाची मोजदाद माणसांच्या आणि घरांच्या हिशेबात झाली, ती तशीच व्हायला हवी होती. पण तळपत्र्यात, दाराखालच्या पेट्यांत आणि आसनाखाली जो गाळ त्या दिवशी शिरला तो पाणी ओसरल्यावरही तेथेच राहिला आणि पुढील कित्येक पावसाळे ओलावा धरून बसला.

टॅक्सीवाल्याच्या अर्थकारणात गाडी थांबणे म्हणजे रोजी बुडणे. म्हणून पत्र्याची दुरुस्ती रात्रीत किंवा फार तर दोन दिवसांत व्हावी लागे. कुजलेला भाग कापून, नवा तुकडा गॅस वेल्डिंगने जोडून, सांध्यास सीलर लावून, तो सुकू देऊन रंग द्यायचा, याला वेळ नसे आणि पैसाही नसे. मग भोकावर पत्र्याचे ठिगळ बसे, ठिगळावर लांबी भरली जाई, लांबीवर तांबडा हात आणि वर काळा-पिवळा रंग. पॉलिएस्टरची लांबी अमेरिकेत १९५० च्या दशकात आली आणि शिशाचा रस ओतून खड्डे भरण्याची जुनी कष्टाची पद्धत तिने मागे टाकली. ती झटपट घट्ट होते, कानशीने घासता येते; परंतु तिच्यातील शंखजिऱ्याची पूड ओलावा शोषते. म्हणून मागून उघड्या राहिलेल्या पत्र्यावरची लांबी पाण्याला आत ओढून घेते. परवाना नूतनीकरणाच्या तपासणीपुरती गाडी देखणी होई आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तेच ठिगळ फुगे. यात डेंटरला दोष देणे सोपे आहे. त्याला काय करायला हवे हे बहुतेक वेळा ठाऊक होते. ते करण्याचे पैसे त्याला कोणी दिले नाहीत.

शासनाने टॅक्सींच्या वयाची मर्यादा प्रथम २००८ मध्ये पंचवीस वर्षे आणि २०१३ मध्ये वीस वर्षे केली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षे पूर्ण झाली आणि ती थांबली. कुर्ल्याचेच दैव असे की जेथे ही गाडी तयार झाली त्याच परिसरातील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तिच्या अनेक बहिणी सुटी दारे आणि बॉनेट होऊन टांगल्या गेल्या.

पुनरुज्जीवनाची रीत

खाजगी मालकांच्या हाती राहिलेल्या पद्मिनी आता हौसेने पुन्हा उभ्या केल्या जात आहेत. या कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण येथे चुकीच्या क्रमाने वापरलेले चांगले द्रव्यही वाया जाते.

प्रथम पत्रा उघडा करावा लागतो. जुना रंग, लांबी आणि सीलर खरवडून सांधा दिसला पाहिजे. फाकलेल्या सांध्यातील गंज बाहेरून घासून निघत नाही. तेथे टिकल्यांचे जोड छेदून पत्रे वेगळे करणे हाच उपाय. पुन्हा जोडण्यापूर्वी दोन्ही पत्र्यांच्या आतल्या अंगाला वेल्डिंग सोसणारे जस्तयुक्त प्रायमर लावतात. जोडल्यानंतर तेथे हात पोहोचणार नसतो. त्यानंतर संपूर्ण उघड्या धातूवर इपॉक्सीचे अस्तर. सीलर या अस्तरावर बसतो, उघड्या पत्र्यावर नव्हे. उघड्या पत्र्यावर ओढलेल्या सीलरखाली गंज लपून वाढतो आणि लेप साल सुटावी तसा सुटतो. आम्लयुक्त प्रायमरवर इपॉक्सी किंवा सीलर थेट देणेही बहुतेक उत्पादक वर्ज्य मानतात, कारण उरलेले आम्ल वरच्या थराच्या घट्ट होण्यात अडथळा आणते.

सीलरची निवड हा दुसरा प्रश्न. मोटारींसाठीचे पॉलियुरेथेन सीलर हवेतील बाष्पाने घट्ट होतात आणि पुढेही रबरासारखे लवचीक राहतात. आपल्याकडे मात्र हाताशी येईल ते वापरण्याची प्रवृत्ती आहे. न्हाणीघरातील सिलिकॉनची नळी त्यातलीच एक. तिला घट्ट होताना व्हिनेगरचा वास येतो, तो आम्लाचा असतो. ते पत्र्याला खाते, आणि सिलिकॉनवर रंगही धरत नाही. नळदुरुस्तीची कठीण लांबी तर पहिल्या खड्ड्यातच तडकते. जहाजाच्या फळीचा धडा येथे आठवावा. गाडीची पेटी चालताना पिळली जाते, ऊन-पावसाने आखडते-पसरते. सांध्यातील द्रव्याने तिच्याबरोबर हलले पाहिजे.

सर्वांत मोठी चूक अति-उत्साहाची असते. दाराच्या खालच्या कडेला आणि पेटीच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. हौशी कारागीर सीलरच्या भरात तीही बुजवून टाकतो. पाणी काचेच्या रबरातून वरून येतच राहते, फक्त त्याची बाहेरची वाट बंद होते. असे दार दोन पावसाळ्यांत तळाशी कुजते. म्हणून जाणते कारागीर सीलर ओला असतानाच त्या भोकांत तार फिरवून घेतात, आणि सर्व रंगकाम झाल्यावर पोकळ पेट्यांत पातळ मेण फवारतात. मेण वाळून तडकत नाही, ते फटीत झिरपत जाते.

जतनाचा पेच

येथवर प्रश्न टिकाऊपणाचा होता. संग्रहालयाच्या दृष्टीने तो वेगळा होतो. पद्मिनी टॅक्सी थांबली तेव्हा तिचा एक तरी नमुना शहरात जतन करावा अशी मागणी झाली. समजा तसा नमुना मिळाला; तर त्याचे सांधे कसे ठेवावेत?

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तुरिनची सनद मान्य केली. वास्तूंसाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने जे केले तेच वाहनांसाठी करण्याचा हा प्रयत्न आहे. मूळ द्रव्य शक्य तितके राखावे, हस्तक्षेप कमीत कमी असावा, जे नवे केले त्याची नोंद असावी, असा तिचा रोख आहे. कारखान्यात त्या काळी सीलर हाताने ब्रशने ओढला जाई. त्याचे फराटे, मध्येच जाड झालेली रेघ, एखाद्या कोपऱ्यात बोटाने दाबल्याची खूण ही अनामिक कामगाराची एकमेव सही असते. नवा सीलर सफाईने ओढून, घासून, काचेसारखा गुळगुळीत केला की ही सही पुसली जाते. परदेशातील काही कारागीर म्हणूनच नव्या सीलरवर मुद्दाम ब्रशचे फराटे उठवितात. तो प्रामाणिकपणा की बनावटगिरी, याविषयी मतभेद होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाला तो दुसऱ्या प्रकारात मोडतो असे वाटते, जोवर तसे केल्याची नोंद गाडीसोबत ठेवलेली नाही.

टॅक्सीच्या बाबतीत पेच आणखी खोल आहे. तिच्या पत्र्यावर कारखान्याचा थर एकच, बाकीचे थर वीस वर्षांच्या दुरुस्त्यांचे. ठिगळे, लांबी, लाल ऑक्साइड, पुन्हा रंग. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर २०२२ मध्ये उतरविले गेले तेव्हा खालचे मूळ रूप प्रकट झाले आणि भाविकांना आनंद झाला. परंतु ते थरही पिढ्यान् पिढ्यांनी वाहिलेले होते. टॅक्सीची लांबी खरवडली तर १९५३ च्या आखणीची कड हाती येईल आणि २००५ नंतरच्या एखाद्या रात्री, सकाळच्या पाळीआधी भरलेले ठिगळ जाईल. मुंबईच्या श्रमाच्या इतिहासासाठी दुसरा पुरावा पहिल्याहून मोलाचा आहे. इटालियन आखणीचे नकाशे आणि नमुने तुरिनला आहेत. त्या ठिगळाची नोंद अन्यत्र कोठेही नाही.

म्हणून चालवायच्या गाडीला आणि ठेवायच्या गाडीला एकच न्याय लावू नये. जी रस्त्यावर माणसे घेऊन जाणार तिचे सांधे उघडून, इपॉक्सी व सीलर देऊन भक्कम केलेच पाहिजेत. तेथे भावनेला जागा नाही, कारण सुटलेला सांधा अपघातात कवच राहत नाही. जी छपराखाली उभी राहणार तिच्यासाठी इपॉक्सी हा अतिरेक होय, कारण एकदा चढलेली इपॉक्सी पत्रा न दुखविता उतरत नाही. तिला कोरडी हवा आणि पोकळीत मेण पुरेसे आहे. मेण उद्या धुऊन काढता येते. एखाद-दुसऱ्या सांध्यावर छोटी खिडकी उघडून थरांची रचना पाहावी, छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक थराचा कण जपावा. आणि हे काम ज्यांनी आयुष्यभर या गाड्या ठोकल्या-रंगविल्या त्या डेंटर-पेंटरांना शेजारी बसवून करावे. कोणते ठिगळ पितळेच्या सळईने जोडले आहे, कोणती लांबी कोणत्या काळातली, कोठे डांबर फासून सीलरचे काम भागविले आहे, हे त्यांना एका नजरेत कळते. त्यांच्यातील अनेकांनी आता साठी ओलांडली आहे.